तुकडेबंदीचं नवं विधेयक: दीड गुंठ्यावाल्याच्या हातात नक्की काय पडणार

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ मध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यातल्या एका गावात वडिलांनी २०१४ साली दीड गुंठा घेतला. कागद म्हणजे शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं खरेदीखत, सातबाऱ्यावर नाव नाही, वर दोन मजली घर बांधलंय, लाईटबिल आणि घरपट्टी वडिलांच्या नावावर येते. आता एजंट म्हणतोय तुकडेबंदी उठली, चाळीस हजार द्या, सातबाऱ्याला नाव लावून देतो. तर नाव खरंच लागतं का, आणि अध्यादेशाचं विधेयक पास होईपर्यंत थांबावं का?

जमिनीच्या दस्तांची आणि तहसील-प्रांताकडची कामं मी बरीच वर्षं करतोय आणि गेले काही महिने दिवसाआड हाच प्रश्न येतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे उत्तर नोव्हेंबर २०२५ मधलं आहे, अध्यादेश निघालाय पण विधेयक अजून यायचंय तेव्हाचं. आधी एका वाक्यात उत्तर घ्या. नवा कायदा तुमच्या व्यवहारातला तुकडेबंदीचा दोष काढतोय, पण तुमच्याकडे मुळात व्यवहारच नोंदवलेला नाहीये, त्यामुळे चाळीस हजार घेऊन एजंट तलाठ्याकडे जाऊन करणार काय हे त्यालाच विचारा.

आता मुळापासून. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, मुंबई प्रांताचा. वडिलांच्या पाच एकराचे चार भावांत तुकडे, पुढच्या पिढीत त्याचे परत चार, आणि शेवटी बैल वळवायलाही जागा उरत नाही अशी पट्टी राहते, ते थांबवावं हा हेतू. म्हणून प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, त्याच्यापेक्षा लहान तो तुकडा. कलम ७ म्हणतं असा तुकडा विकायचा तर शेजारच्या खातेदारालाच, कलम ८ म्हणतं नवीन तुकडा पडेल असं हस्तांतरण किंवा वाटप करू नका, आणि कलम ९ म्हणतं केलंत तर ते व्यर्थ, म्हणजे कायद्याच्या नजरेत झालंच नाही. वर दंड किती, तर मूळ कायद्यात २५० रुपयांपर्यंत. हसू नका, १९४७ मध्ये ती रक्कम होती.

कायद्याने तुकडे थांबले का तर अजिबात नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ वर आली. वारसा हे हस्तांतरण नाही ना, माणूस गेला की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर अकरा नावं चढतात, जमीन कागदावर एकत्र आणि बांधावर अकरा ठिकाणी. शहरांच्या कडेला तर वेगळीच गंमत झाली. तिथे शेतकऱ्याला एकरी विकण्यापेक्षा गुंठ्याने विकण्यात चौपट पैसे मिळत होते आणि कारखान्यात, हमालीत, रिक्षावर काम करणाऱ्या माणसाला फ्लॅट परवडत नव्हता, एक गुंठा परवडत होता, म्हणजे १०८९ चौरस फूट. मग काय, पांढऱ्या फक्कीने प्लॉट आखले, मधे वीस फुटी रस्ता सोडला, आणि शनिवार-रविवारी साईटवर मंडप टाकून विक्री. गुंठामंत्री हा शब्द त्याच काळातला.

सरकारने गेल्या काही वर्षांत यावर बरंच आत-बाहेर केलंय, ते कळल्याशिवाय आजचा बदल कळणार नाही. २०१७ मध्ये कलम ९ मध्ये दुरुस्ती झाली, जुने तुकड्यांचे व्यवहार रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिमूल्य (प्रीमियम) भरून नियमित करता येतील अशी. कोणी भरलं नाही म्हणायला हरकत नाही, ज्याला जागा विकायची घाई होती किंवा बँकेचं कर्ज अडलं होतं तोच भरायचा. १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांचं परिपत्रक आलं की मंजूर लेआऊटशिवाय तुकड्याचा दस्त नोंदवूच नका, त्यावर दुय्यम निबंधकांनी सरसकट दारं लावली. ५ मे २०२२ ला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि नोंदणी नियमातला संबंधित उपनियम रद्द केला. तेव्हाही सगळीकडे हाच गैरसमज पसरला होता की तुकडेबंदी उठली. कोर्टाने काय म्हटलं होतं तर दस्त नोंदवायला नकार देता येणार नाही, एवढंच. कलम ८ तिथेच होतं. म्हणजे दस्त नोंदवला जायचा, नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स दोन हातात यायचा, माणूस पेढे वाटायचा, आणि तीन आठवड्यांनी मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावायची नोंद, रद्द करायचा.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र कमी केलं, जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे. १५ ऑक्टोबर २०२४ ला अध्यादेश काढून ते २५ टक्के अधिमूल्य ५ टक्क्यांवर आणलं. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत घोषणा केली की शहरी भागात एक गुंठ्यापर्यंत तुकडेबंदी शिथिल करतोय, ५० लाख कुटुंबांना फायदा होईल, आणि तेव्हा तारीख सांगितली १ जानेवारी २०२५. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला जो अध्यादेश निघाला त्यात कालावधी आहे १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४. या काळातले व्यवहार कुठलंही अधिमूल्य न घेता नियमित झाल्याचं मानायचं. आता डिसेंबर २०२५ च्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात याचंच विधेयक येईल. अध्यादेश हा कायमचा नसतो, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो. पण आज तो लागू आहे, त्यामुळे थांबायचं की नाही या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच मिटतो: कागदं गोळा करायला विधेयकाची वाट बघायची काहीच गरज नाही.

तुम्ही घोषणेतली तारीख डोक्यात ठेवून बसू नका हेही सांगतो. ऑक्टोबर २०२४ नंतर, कायदा जाणारच आहे म्हणत ज्यांनी दिवाळीच्या मुहूर्तावर गुंठे घेतले ते या कालावधीच्या बाहेर आहेत. माझ्याकडे असे लोक येतायत आणि त्यांना काय सांगावं हा प्रश्नच आहे, मी तरी विधेयकावर चर्चा होताना तारीख पुढे सरकते का ते बघा म्हणून सांगतो, शाश्वती देत नाही.

आता बदल नक्की काय होणार ते. हे कुठल्या जमिनीला लागू आहे? महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्या हद्दीतली, आणि प्राधिकरणांच्या किंवा प्रादेशिक आराखड्यात जी रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा बिगरशेती वापरासाठी दाखवलीय ती. म्हणजे तुमच्या गटाचा झोन दाखला काढणं हे पहिलं काम. माण-खटावमधल्या शेतातला पाच गुंठ्याचा तुकडा किंवा डोंगराच्या कुशीतला सेकंड होमचा प्लॉट याच्यात येत नाही, तिथे २० आणि १० गुंठ्याचा नियम जसाच्या तसा आहे. तुकडेबंदी रद्द झाली असं जे सर्रास म्हटलं जातंय ते चूक आहे, कायदा जिवंत आहे, त्याला एक मोठी खिडकी पाडलीय.

सातबाऱ्यावर काय फरक दिसेल ते एका नेहमीच्या उताऱ्यावरून सांगतो. गट ८० आरचा, आर म्हणजे साधारण एक गुंठा. कब्जेदार म्हणून मूळ मालक आणि त्याचे भाऊ. खाली इतर हक्काच्या रकान्यात वीस-पंचवीस नावं, कोणापुढे ०.०१ हेक्टर, कोणापुढे ०.०२, आणि शेजारी शेरा, 'तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार'. आणि फेरफार रजिस्टर काढलं की आणखी दहा-बारा नोंदी सापडतात ज्यांच्यापुढे मंडळ अधिकाऱ्याने लिहिलंय, 'कलम ८ चा भंग, सबब नोंद रद्द'. यातल्या पहिल्या गटाचं, म्हणजे इतर हक्कात पडलेल्या नावांचं काम आता सोपं झालंय, शेरा निघेल आणि नाव कब्जेदार सदरात येईल. दुसऱ्या गटाचं, ज्यांचे फेरफार रद्द झाले, ते परत तपासून मंजूर करायचे आहेत. दोघांकडेही नोंदणीकृत खरेदीखत आहे हे लक्षात घ्या. त्यांनी अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा, म्हणजे आपला तलाठीच, २०२४ मध्ये नाव बदललं, सज्जा तोच आणि टेबल पण तेच. अर्जाला दस्ताची प्रत, इंडेक्स दोन, जुना फेरफार आणि झोन दाखला जोडा. या कामाला एजंट लागत नाही. खरंच लागत नाही.

तुमचा गट तिसरा आणि सगळ्यात मोठा, नोटरीवाला. इथे मी जास्त लिहिणार आहे कारण सगळा घोळ इथेच आहे.

शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो, नोंदणी कायदा १९०८, कलम १७. नोटरी सही खरी आहे एवढं सांगतो, मालकी देत नाही. बरं, तो जुना कागद आता नेऊन नोंदवता येईल का? नाही, सही झाल्यापासून चार महिन्यांत हजर करावा लागतो, त्यापुढे दंड भरून आणखी चार महिने मिळतात, २०१४ चा कागद त्यात कुठेच बसत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर घेतलेले जे असतील त्यांना सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगून टाकलंय की अशा कागदांनी मालकी जात नाही. आणि ताबा आहे म्हणून आपण सुरक्षित, हे पण अर्धंच खरं आहे, कारण कराराच्या आधारे ताबा टिकवण्याचं जे संरक्षण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ मध्ये आहे ते २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदवलेल्या करारालाच मिळतं.

म्हणजे तुम्हाला नवीन खरेदीखत करावं लागणार आणि त्यावर मूळ मालकाची सही लागणार. सरकारच्या कार्यपद्धतीतही हेच आहे, नोटरीवाल्यांनी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरून रीतसर दस्त करून घ्यावा. ऐकायला सोपं वाटतं. पण अकरा वर्षांत मालक वारलेला असतो, चार वारस, त्यातल्या दोन बहिणी सासरी, एकीचं म्हणणं मला तेव्हा एक पैसा मिळाला नाही. आणि तिचं चूक नाही हो. २००५ नंतर मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क आहे, २०१४ मध्ये एकट्या भावाने सही करून विकलं असेल तर तिचा हिस्सा त्याने विकलेलाच नाही. मग सहीसाठी पैसे मागतात. काही ठिकाणी प्लॉटमागे ठरावीक रेटच लागलेत असं ऐकतो. माझा सल्ला एवढाच की रस्त्यावर भांडत बसू नका आणि रागाच्या भरात वकिलाची नोटीस तर पहिल्या दिवशी अजिबात पाठवू नका, कारण करारात तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून दावा लावायची तीन वर्षांची मुदत मोजली जाते, एकदा लेखी नकार आला की घड्याळ सुरू. आसपासचे वीस-पंचवीस प्लॉटवाले एकत्र या, सगळ्या वारसांशी एकदाच बोलणी करा, बहिणींना मान्यता देणाऱ्या पक्षकार म्हणून दस्तात घ्या, आणि एकाच आठवड्यात सगळ्यांचे दस्त उरका. सुटं सुटं गेलात की पाचव्या दस्तानंतर भाव वाढतो.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर समजा रेडीरेकनरने तुमच्या प्लॉटची किंमत १२ लाख निघाली. जुन्या २५ टक्क्यांनी अधिमूल्य ३ लाख झालं असतं, ५ टक्क्यांनी ६० हजार, आता शून्य. फुकट जे आहे ते हे. मुद्रांक शुल्क फुकट नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक आणि अधिभार मिळून ७ टक्के धरा म्हणजे ८४ हजार, नोंदणी फी एक टक्का म्हणजे १२ हजार, एकूण ९६ हजार, शिवाय टायपिंग, वकील आणि वारसांची मनधरणी. घराची किंमत धरली तर आकडा वाढतो. त्यामुळे चाळीस हजारात सगळं होतं म्हणणारा माणूस एकतर हिशोब चुकतोय किंवा दस्त करणारच नाहीये.

आता त्यातली खरी पाचर. नवीन खरेदीखत तुम्ही करणार आज, म्हणजे त्याची तारीख १५ ऑक्टोबर २०२४ च्या नंतरची. मग हा व्यवहार कालावधीतला धरायचा की नंतरचा? हेतू स्पष्ट आहे, जुन्या लोकांना सामावून घ्यायचं आहे, पण हेतू आणि कलमाची भाषा यांच्यामध्ये जी फट राहते तिच्यात पुढे वीस वर्षं दावे चालतात हे आम्ही बघितलंय. विधेयकात कालावधीतील नोंदणी न झालेल्या पण ताबा दिलेल्या व्यवहारांबद्दल एक स्वतंत्र स्पष्टीकरण टाकावं असं माझं ठाम मत आहे, नुसती कार्यपद्धती पुरत नाही, कार्यपद्धती कोर्टात कलमापुढे टिकत नाही. तुमच्या आमदाराला सांगायचंच असेल तर हे सांगा. तोपर्यंत दस्तात तुमच्या बाजूने जेवढं करता येईल तेवढं करा: नव्या खरेदीखतात सुरुवातीलाच लिहा की अमुक तारखेला मोबदला पूर्ण मिळाला, त्याच दिवशी ताबा दिला, नोटरी कागद त्या तारखेचा आहे, आणि तो नोटरी कागद, पहिलं लाईटबिल, ग्रामपंचायतीची पहिली घरपट्टी पावती हे सगळं दस्ताला जोडून टाका. ग्रामपंचायत असतानाच्या पावत्या गावं पालिकेत गेल्यावर लोकांनी फेकून दिल्या, तुमच्या असतील तर लॅमिनेट करू नका, तशाच जपा.

दस्त करायच्या आधी दोन गोष्टी मात्र बघाच, नाहीतर ९६ हजार पाण्यात. एक म्हणजे गटात जमीन शिल्लक आहे का. ८० आरचा गट, त्यात रस्ते सोडले, आणि सगळ्या प्लॉटवाल्यांचं क्षेत्र मिळवलं तर ८४-८५ गुंठे होतात असं मी एकदा नाही अनेकदा बघितलंय. विकणाऱ्याने हिशोब ठेवला नव्हता किंवा ठेवून विकलं. आत्तापर्यंत कोणाचंच नाव लागत नव्हतं म्हणून हे झाकलेलं होतं, आता सगळे एकदम नाव लावायला जातील आणि शेवटच्या चार-पाच जणांना तलाठी सांगेल क्षेत्र शिल्लक नाही. कायद्यात ज्याचा हक्क आधी निर्माण झाला त्याचा आधी, आणि नोटरीवाल्याचा हक्क आधीचा आहे हे सिद्ध करणं म्हणजे डोंगर चढणं. घाई कशाची करायची तर याची करा, विधेयकाची नाही.

दुसरं म्हणजे रस्ता. तुमच्या नोटरी कागदात चतुःसीमा काढून वाचा. पूर्वेस उर्वरित गट, पश्चिमेस उर्वरित गट, दक्षिणेस याच गटातील प्लॉट, उत्तरेस २० फुटी रस्ता. तो रस्ता कुठल्याच सरकारी नकाशावर नाहीये. लेआऊट मंजूर नव्हता त्यामुळे रस्त्याखालची जमीन अजून सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावावर आहे, आणि सगळे प्लॉट नावावर गेले की त्याच्या नावावर जे उरतं ते नेमकं रस्त्याचं क्षेत्र असतं. त्याने किंवा त्याच्या नातवाने ते विकलं, त्यावर कर्ज काढलं, किंवा पालिकेने रस्ता रुंद करताना मोबदला दिला तर तो कोणाला जाणार? म्हणून सगळ्यांच्या खरेदीखतात रस्त्याच्या कायमस्वरूपी वहिवाटीचा हक्क स्पष्ट लिहून घ्या, रस्त्याची रुंदी फुटात लिहा, सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा आणि त्यावर मालकाच्या सह्या घ्या. इतर हक्कातला बोजा पण बघा, सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज पूर्ण गटावर चढवलेलं असतं आणि मालकाने फेडलेलं असलं तरी बोजा कमी करायला कोणी गेलेलं नसतं.

नवीन कायद्याने जे अजिबात बदलत नाही ते पटकन सांगतो. घर अनधिकृत असेल तर ते अनधिकृतच राहतं, जागेचं नाव लागणं वेगळं आणि बांधकाम नियमित होणं वेगळं, त्यासाठी गुंठेवारी कायदा २००१ आहे ज्याची मुदत नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली, तिथे पालिकेकडे वेगळी फाईल आणि वेगळं शुल्क. जमीन वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी असेल, कुळकायद्याच्या कलम ४३ च्या अटीची, वतन-इनामाची, देवस्थानची, किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर तुकडेबंदीचा दोष गेला तरी तो दुसरा दोष तसाच, आणि तो पहिल्यापेक्षा भारी असतो, आदिवासी जमिनीत तर खरेदीदाराच्या हातात काहीच उरत नाही. ग्रीन झोनमध्ये शेतकरी नसलेल्याने घेतली असेल तर पश्चिम महाराष्ट्र-कोकणात कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, मराठवाडा आणि विदर्भात त्यांचे वेगळे कुळकायदे आहेत पण गत तीच. हरित पट्टा, आरक्षण, पूररेषा यातला प्लॉट नाव लागल्यामुळे बांधायला मोकळा होत नाही.

अजून एक वर्ग आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाहीये, सामाईक खरेदीवाले. २०२१ च्या परिपत्रकानंतर आणि विशेषतः २०२३ नंतर एजंटांनी युक्ती काढली, दहा-अकरा अनोळखी लोकांना एकत्र करायचं आणि प्रमाणभूत क्षेत्र भरेल एवढ्या ११ गुंठ्यांचा एकच दस्त करायचा. दस्त कायदेशीर, फेरफार मंजूर, सातबाऱ्यावर अकरा नावं. पण कोणाचा कुठला गुंठा हे कागदावर कुठेच नाही, एकाला विकायचं तर बाकी दहा जणांची संमती मागतात, बँक कर्ज देत नाही, एक जण वारला की त्याचे वारस वाढतात. या लोकांना वाटतंय नव्या कायद्याने आपले वेगवेगळे सातबारे होतील. पण त्यांचा व्यवहार मुळात तुकड्याचा नव्हताच, त्यात नियमित करायला दोषच नाही. त्यांना लागणार आहे वाटप, म्हणजे सगळ्यांच्या संमतीने नोंदवलेलं वाटपपत्र, मग भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी, आणि मग स्वतंत्र सातबारा. शहरी झोनमध्ये याला आता अडथळा राहू नये असा विधेयकाचा रोख आहे, पण तलाठी पातळीवर हे कसं घेतील ते अजून ठरलेलं नाही. कलम ८ब मध्ये शहरी हद्दीतल्या जमिनींना सूट आधीपासूनच होती, तीही मंजूर लेआऊटची अट लावून, त्यामुळे पुढच्या व्यवहारांना ती अट राहते का हे विधेयकाचा अंतिम मसुदा हातात घेऊन कलम ८ब च्या खालचं परंतुक वाचल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

माझं मत विचाराल तर निर्णय चांगला आहे, उशिरा झालाय. लाखो लोक तिथे राहतायत, कर भरतायत, पोरं मोठी झाली, त्यांना कागदावर नसल्यासारखं ठेवून जमीन काही परत शेती होणार नव्हती. मला खटकतं ते दोन बाबतीत. ज्यांनी मध्यंतरी २५ टक्के किंवा ५ टक्के भरून कायदा पाळला त्यांच्या पैशांबद्दल कोणी बोलत नाही, पाळणारा मूर्ख ठरतो. आणि ज्याने हे प्लॉट पाडून विकले, रस्ता-ड्रेनेज काही न देता, त्याच्यावर या सगळ्यात एक ओळही नाही, तो आता शेजारच्या तालुक्यात फक्की मारतोय, कारण त्याला माहितीय की दहा वर्षांनी पुन्हा एक अध्यादेश येईल.

तुमच्यापुरतं क्रम असा ठेवा. या आठवड्यात गटाचा चालू सातबारा, मागचे सगळे फेरफार आणि झोन दाखला काढा, सातबारा-फेरफार ऑनलाईन डिजिटल सहीचे मिळतात, पंधरा-वीस रुपयांची कामं आहेत. जमीन वर्ग १ ची आहे का आणि झोन रहिवासी आहे का ते बघा, दोन्ही हो असेल तर गटात शिल्लक क्षेत्र किती ते शेजाऱ्यांबरोबर बसून मोजा. मग मालकाच्या वारसांची यादी, बहिणींसकट, आणि बोलणी. दस्ताचा मसुदा तयार ठेवा, विधेयकाची अंतिम भाषा राजपत्रात आली की त्यातला कालावधीचा परिच्छेद त्याप्रमाणे दुरुस्त करून नोंदणीला जा, मात्र वारस आज सही द्यायला तयार असतील आणि उद्या फिरतील असं वाटत असेल तर राजपत्रासाठी थांबू नका, सही आधी. घर विकायचा विचार असेल तर नाव लागेपर्यंत इसार घेऊ नका, आणि घेतलाच तर पावतीवर स्पष्ट लिहा की सातबारा नावावर झाल्यावरच खरेदीखत होईल. वडील हयात असतील तर दस्त त्यांच्याच नावाने करा, परस्पर मुलाच्या नावावर करायला जाऊ नका, नोटरी कागद आणि लाईटबिल ज्याच्या नावाचं आहे त्याच नावाचा दस्त असेल तर २०१४ ची साखळी जुळते, पुढे बक्षीसपत्र करायला काही अडत नाही.

वर्ग २ निघाली किंवा झोन हिरवा निघाला तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा, एक रुपयाचाही खर्च करू नका आणि आधी तो उतारा घेऊन कोणाला तरी दाखवा.